पाळण्याचें गाणें आणि अपुऱ्या दिवसांचें मूल

कृष्णाकांठच्या प्रदेशांत मिरज गांवाची ख्याति दोन गोष्टींसाठीं आहे. तेथल्या दवाखान्यांसाठीं आणि तेथल्या तंबोऱ्यांसाठीं. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ सालीं जो दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि ज्याला १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें, त्या जिल्ह्यांतील या गांवीं दूरदूरचे रोगी ज्या स्टेशनावर उतरतात, त्याच स्टेशनावर तंबोरा जुळवून घेण्यासाठीं आलेले गवयीहि उतरतात. १८९४ सालीं कॅनडांतून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनीं येथें इस्पितळ उघडलें व पुढें तीन वर्षांनीं त्याला जोडून वैद्यकीय शाळाहि काढली. त्याच्या कितीतरी आधीं तरवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं हत्यारांचा धंदा बसूं लागल्यावर भोपळा आणि तार हातीं घेतली होती; त्यांच्या वंशजांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला.

हे दोन प्रवाह एकाच गांवांतून वाहत असले तरी ते एकमेकांस मिळाले असे प्रसंग थोडे. त्यांतील एक मात्र सर्वश्रुत आहे. कुरुंदवाड येथें १८७२ सालीं जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना लहानपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेच्या दारूनें इजा झाली. उपचारासाठीं त्यांना मिरजेस आणलें. परंतु गेलेली दृष्टि पुरती परत येईना. तेव्हां त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. भडभडे यांनींच या मुलाला गाणें शिकवावें असें सुचविलें, आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हातीं सोंपविला गेला. लाहोरास १९०१ सालीं निघालेल्या गांधर्व महाविद्यालयाची मूळ कथा ती हीच. पुढें किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां याच गांवीं राहिले. आजारांत त्यांनीं येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यांत गाऊन आरोग्य मिळविलें अशी आख्यायिका लोक अजून सांगतात. १९३७ सालीं ते वारले तेव्हां त्यांना मातीहि त्याच दर्ग्याच्या आवारांत मिळाली.

या दोन कथांतला भेद वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आख्यायिका म्हणते कीं गाण्यानें रोग गेला. डॉ. भडभड्यांची कथा तसें म्हणत नाहीं. गाण्यानें पलुसकरांचे डोळे बरे झाले नाहींत. वैद्यकाचा हात जेथवर पोंचला तेथवर पोंचला, आणि त्यापुढें त्या मुलाचें जें आयुष्य उरलें होतें तें गाण्यानें भरून काढलें. आजकाल ‘संगीतोपचार’ या नांवानें जें कांहीं बोललें व लिहिलें जातें, त्यांत हे दोन विचार एकमेकांत फार मिसळले आहेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना इस्पितळांत गाणें ऐकविल्यानें लाभ होतो ही वार्ता आली, कीं आपल्यापैकीं कांहीं जण तत्काळ म्हणतात, “यांत नवल तें काय? आपल्याकडे रागांनीं रोग बरे होत असत!” आणि कांहीं जण तितक्याच तत्परतेनें म्हणतात, “हें सारें थोतांड आहे.” आम्हांस वाटतें कीं या प्रश्नाचा निकाल अभिमानानें लागणार नाहीं व उपहासानेंहि लागणार नाहीं; त्यासाठीं या मुलांच्या संगोपनाचा इतिहासच थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

अपुऱ्या दिवसांचें मूल म्हणजे सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल, अशी आजची व्याख्या आहे. जुन्या काळीं आठवडे मोजण्याची सोय नव्हती; महिने मोजीत. सातव्या महिन्यांतलें मूल जगतें पण आठव्यांतलें जगत नाहीं, ही समजूत आपल्या घराघरांत होती व अजूनहि ती पुरती गेलेली नाहीं. विशेष हें कीं ही समजूत केवळ आपलीच नव्हे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथसंग्रहांत सातव्या व आठव्या महिन्यांच्या मुलांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत आणि त्यांतहि आठव्याचाच अपशकुन सांगितला आहे. चरकानें व सुश्रुतानें त्याचें कारण असें दिलें कीं आठव्या महिन्यांत ओज हें माता व गर्भ यांच्यामध्यें अस्थिर असतें. कारण कांहींहि असो, अनुभव याच्या उलट आहे. गर्भ उदरांत जितके दिवस अधिक राहील तितकें त्याचें जगणें सोपें. मात्र या समजुतीनें किती आठमाशा मुलांच्या बाबतींत घरच्यांनीं आधींच आशा सोडली असेल, याचा हिशेब कोणत्याहि ग्रंथांत सांपडणार नाहीं.

त्याच चरकसंहितेच्या शारीरस्थानांत ध्वनीसंबंधींहि कांहीं उल्लेख आहेत आणि ते आमच्या विषयास जवळचे आहेत. जन्मतांच निपचित पडलेल्या मुलाच्या कानाच्या मुळाशीं दोन दगड एकमेकांवर आपटावे, म्हणजे तें शुद्धीवर येईल, असें तेथें सांगितलें आहे. बाळंतिणीच्या घरीं दहाबारा दिवस आप्तेष्टांनीं जागरण करावें, आशीर्वाद व स्तुति चालावी, गीत व वाद्य यांत खंड पडूं नये असेंहि म्हटलें आहे. मुलाचीं खेळणीं आवाज करणारीं असावीं, पण जड व टोंचणारीं नसावीं, असा बारकावाहि त्यांत आहे. यावरून कोणी ‘चरकानें संगीतोपचार सांगितला’ असा डंका वाजवूं नये. ग्रंथकाराला एवढेंच ठाऊक होतें कीं नव्यानें आलेला जीव कानानें जग ओळखूं लागतो, आणि ज्या घरांत तो आला त्या घरानें त्याच्याभोंवतीं जागें राहिलें पाहिजे.

साताऱ्याकडील आमच्या खेड्यांतून हें जागें राहणें बायकांनीं आपल्या पद्धतीनें चालविलें. पांचवीच्या रात्रीं सटवाईची पूजा करून जागरण व्हावयाचें. बाराव्या दिवशीं बारसें होऊन मूल पाळण्यांत घातलें कीं बायकांनीं पाळण्याची दोरी धरून गाणें म्हणावयाचें. अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मलें तर घरांतली वडीलधारी बाई त्याला कापसांत गुंडाळी, खोलीची दारें लावून शेगडी ठेवी, आणि दूध ओढण्याची शक्ति नसेल तर कापसाच्या बोळ्यानें थेंबथेंब दूध तोंडांत सोडी. या मुलांपैकीं पुष्कळशीं जात. जीं राहत तीं ‘कापसांतलीं’ म्हणून पुढें कौतुकानें ओळखलीं जात. शेगडीचा धूर आणि नाळेवर लावलेली राख यांनीं घात होत असे, हेंहि विसरतां कामा नये. आम्ही त्या काळाचे गोडवे गाऊं इच्छीत नाहीं. परंतु एक गोष्ट खरी: तें मूल एकटें नसे. तें कोणाच्या तरी मांडीवर असे, आणि ज्याच्या मांडीवर असे तो माणूस कांहींतरी गुणगुणत असे.

तें गुणगुणणें काय होतें? पाळणा हा आपल्या वाङ्मयाचा फार जुना प्रकार आहे. रामाचे, कृष्णाचे, शिवबाचे पाळणे झाले. संतांनीं तर पाळण्यांत वेदान्तहि घातला. पण त्याखालीं एक अधिक जुना थर आहे; जात्यावरच्या ओंवीचा. याच जिल्ह्यांतील बागणीच्या सरोजिनी बाबर यांनीं बायकांच्या तोंडचें हें धन जन्मभर गोळा केलें. साने गुरुजींच्या ‘स्त्री-जीवन’ या संग्रहांतहि बाळासंबंधींच्या ओंव्या भरपूर आहेत. या गाण्यांची घडण पाहावी. स्वर चारपांचांहून अधिक नसतात. चाल पाळण्याच्या झोक्याबरोबर जाते येते. ‘जो जो’ सारखें पालुपद पुन्हां पुन्हां येतें, म्हणजे पुढें काय येणार हें ऐकणाऱ्याला आधींच ठाऊक असतें. तान नाहीं, मुरकी नाहीं, अकस्मात् चढणारा स्वर नाहीं. गवयाच्या दृष्टीनें हें फारसें गाणेंच नव्हे. पण ज्याला नवीन काहीं नको आहे, जुनेंच पुन्हां हवें आहे, अशा श्रोत्यासाठीं तें रचलेलें आहे, आणि ही रचना शेंकडों वर्षें हजारों आयांनीं आपापल्या मांडीवर पारखून घेतलेली आहे.

आतां आपण पॅरिसला जाऊं. कारण या मुलांच्या नशिबाला खरी कलाटणी तेथें मिळाली. स्तेफान तार्निए हे तेथील प्रसूतिगृहाचे मुख्य होते. अंड्यांतून पिलें उबविण्याची यंत्रें पाहून तशीच उबेची पेटी माणसाच्या मुलासाठीं करावी असें त्यांच्या मनांत आलें, आणि १८८० सालीं तशी पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, त्यांनीं आपल्या प्रसूतिगृहांत बसविली. फळ लगेच दिसलें. दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांत पूर्वीं शेंकडा ६६ मरत, तें प्रमाण शेंकडा ३८ वर आलें. आपल्या शेगडीनें जें अंदाजानें होत होतें तें या पेटीनें मापानें केलें. त्यांचे शिष्य प्येर ब्युदें यांनीं हें काम पुढें नेलें आणि १९०० सालीं ‘तान्हें मूल’ या अर्थाच्या नांवाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ब्युदें यांनीं एक गोष्ट बारकाईनें टिपली होती: ज्या आयांपासून मूल दूर ठेवावें लागलें, त्यांची त्या मुलावरची ओढ कमी होत जाई. म्हणून आईला मूल दिसलें पाहिजे आणि तिनें अंगावर पाजलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह पुढच्या लोकांनीं विसरून जावा हें या इतिहासांतील मोठें दुर्दैव होय. पेटी मात्र जगभर गेली, आणि ती कशी गेली हीहि कथा विलक्षण आहे. मार्टिन कूनी नांवाच्या गृहस्थानें १८९६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जिवंत मुलांसह या पेट्या मांडल्या. पुढें १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथील जत्रेंत त्यानें हाच खेळ उभा केला. लोक तिकीट काढून मुलें पाहत, आणि त्या पैशांतून मुलांचा खर्च चाले. आईबापांकडून तो कांहीं घेत नसे. बाहेर जत्रेचा कोलाहल आणि आंत काचेमागें तळहाताएवढीं मुलें, हें चित्र आपणांस विचित्र वाटतें. पण त्या जत्रेंत हजारों मुलें वांचलीं, कारण त्या काळीं बहुतेक इस्पितळें त्यांच्यासाठीं कांहींच करीत नव्हतीं.

इस्पितळांनीं हें काम पुढें मनावर घेतलें तें जंतूंची भीति मनांत बाळगून. आई घरची, म्हणजे घाण घेऊन येणारी; तिनें काचेपलीकडून पाहावें, आंत येऊं नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा नियम सर्वत्र झाला. भीति खोटी नव्हती. जंतुसंसर्गानें मुलें मरत होतींच. पण या नियमानें मुलाच्या कानांत काय राहिलें याचा विचार कोणीं केला नाहीं. गर्भाला सुमारें पंचविसाव्या आठवड्यापासून ऐकूं येऊं लागतें असें आज मानतात. म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यांत जन्मलेलें मूल आईच्या हृदयाचे ठोके, तिचा श्वास आणि तिचा आवाज यांच्या सान्निध्यांतून एकाएकीं उचलून यंत्रांच्या घरघरींत, घंटांच्या किंचाळण्यांत आणि पेटीचें दार आपटण्याच्या धडाक्यांत टाकलें जातें. अशा खोलींत आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊं नये, अशी शिफारस अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें १९९७ सालीं केली. ती पाळणें कोणत्याहि भरल्या कक्षांत किती कठीण असतें हें तेथें पांच मिनिटें उभ्या राहिलेल्या कोणालाहि कळेल. सारांश, पेटीनें ऊब दिली पण आवाज बदलला. जो हवा होता तो गेला आणि जो नको होता तो आला.

गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा आईला परत आंत आणण्याचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात श्रीमंतींतून झाली नाहीं, टंचाईंतून झाली. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील प्रसूतिगृहांत पेट्या इतक्या अपुऱ्या कीं एकींत दोनतीन मुलें ठेवावीं लागत. १९७८ च्या सुमारास तेथील डॉक्टर एद्गार रे यांनीं मुलाला आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीत चालू केली. पुढें एक्तोर मार्तिनेस यांनीं ती वाढविली. कांगारू आपलें पिलू पिशवींत बाळगतो, त्यावरून तिला ‘कांगारू’ पद्धति म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या शीव इस्पितळांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आईच्या दुधाची पेढी उघडली. आशियांतील ही पहिलीच. तीहि याच वळणाची खूण होय. मग २०२१ सालीं एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पांच देशांत ३,२११ लहान मुलांवर तो झाला. भारतांतील केंद्र दिल्लीचें सफदरजंग इस्पितळ होतें. मूल स्थिर होईपर्यंत न थांबतां जन्मल्यापासूनच आईच्या छातीशीं ठेवलें तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यु शेंकडा १५.७ वरून १२ वर आले. त्यासाठीं आईची खाटच अतिदक्षता कक्षांत न्यावी लागली. ज्या दारावर तिला शंभर वर्षें थांबविलें, त्याच्या आंत आतां तिची खाट लागली. जगांत अपुऱ्या दिवसांचीं मुलें २०२० सालीं सुमारें १ कोटी ३४ लाख जन्मलीं, त्यांपैकीं तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतांत. यावरून या आंकड्यांचें मोल कळेल.

आई आंत आली, म्हणजे तिच्याबरोबर तिचा आवाजहि आला. आणि संगीतोपचाराची कथा खरी येथून सुरू होते. १९८० सालीं अमेरिकेंतील डीकॅस्पर व फायफर या दोघांनीं एक सुंदर प्रयोग केला. तीन दिवसांच्या आंतल्या दहा मुलांच्या तोंडांत चोखणी देऊन त्यांनीं अशी योजना केली कीं एका लयींत चोखलें तर आपल्या आईचा आवाज ऐकूं यावा, दुसऱ्या लयींत चोखलें तर परक्या बाईचा. मुलांनीं आपली चोखण्याची लय बदलली, आणि ती आईचा आवाज मिळेल अशी बदलली. बोलतां न येणाऱ्या जीवानें दिलेला हा कौल होता. त्यानंतर संशोधक गाण्याकडे वळले. न्यूयॉर्कच्या जोअन लोवी यांनीं २०१३ सालीं अकरा इस्पितळांतील २७२ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत तीन गोष्टी होत्या: गर्भांतील सळसळीसारखा आवाज करणारी एक चकती, हृदयाच्या ठोक्यासारखा दुहेरी नाद करणारा लांकडी ठोकळा, आणि आईबापांनीं स्वतः निवडलेलें घरचें गाणें. तिन्ही प्रत्यक्ष माणसानें, मुलाच्या श्वासाकडे पाहून, हलक्या हातानें व हलक्या आवाजानें करावयाच्या. हृदयाचे ठोके शांत झाले, दूध ओढणें सुधारलें, आणि आईबापांची घालमेल कमी झाली असें त्यांस आढळलें.

जिनीव्हा येथें वीणेसारख्या वाद्यांच्या एका संगीतकाराकडून मुद्दाम संगीत रचून घेतलें गेलें. त्या वेळीं निरनिराळीं वाद्यें मुलांजवळ वाजवून पाहतां त्यांना सर्वांत जास्त वेधून घेणारें वाद्य निघालें तें आपल्या गारुड्याची पुंगी! चळवळणारीं मुलें तिच्या सुरानें शांत होत. तें संगीत रोज ऐकलेल्या मुलांच्या मेंदूंतील जोडण्या पुऱ्या दिवसांच्या मुलांच्या अधिक जवळ आढळल्या, असें २०१९ सालीं तेथील संशोधकांनीं छायाचित्रांवरून दाखविलें. अर्थात् पाहिलेलीं मुलें थोडींच होतीं. हें वाचून आमच्या कोणा मित्राला पुंगीचा अभिमान वाटला तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं; पण पुंगीला औषध म्हणण्याची घाई त्यानें करूं नये.

घाई करूं नये असें म्हणण्याचें कारण पुढें आहे. नॉर्वेंतील बर्गेनच्या संशोधकांनीं पांच देशांतील दोनशेंहून अधिक कुटुंबें घेऊन आईबापांच्या गाण्यावर आधारलेला दीर्घ प्रयोग केला. त्यांत आई व मूल यांच्या जिव्हाळ्यांत, किंवा आईच्या चिंतेंत, गाण्यामुळें ठळक फरक पडल्याचें दिसलें नाहीं. २०२३ सालीं पंचवीस प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यानें निर्णय दिला कीं मुलांच्या हृदयाचे ठोके कांहींसे मंदावतात, अपाय कोठें आढळला नाहीं, परंतु रक्तांतील प्राणवायु वाढतो किंवा पुढें बुद्धीचा विकास चांगला होतो, हें सिद्ध झालेलें नाहीं. ज्यांनीं गाण्याला औषधाचें स्थान देऊं केलें होतें त्यांची यानें निराशा होईल. आमची होत नाहीं. औषधाची परीक्षा औषध म्हणून व्हावी, हें योग्यच आहे; पण आईनें मुलाला गाणें म्हणावें कीं नाहीं हा प्रश्न मुळांत औषधाचा आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

येथें आमच्या घरांतील एक प्रसंग सांगण्याची वाचकांनीं मुभा द्यावी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका भाचीला एकतिसाव्या आठवड्यांत मुलगी झाली. वजन सव्वा किलोच्या आंतबाहेर. मुलीला एका मोठ्या दवाखान्यांत काचेच्या पेटींत ठेवलें. भाचीची आजेसासू कराडकडच्या एका खेड्यांतली, ऐंशीच्या घरांतली. तिला आंत जाऊं देत नसत, हें तिनें समजुतीनें मान्य केलें. ती दाराबाहेरच्या बांकावर बसे. बाराव्या दिवशीं, म्हणजे घरीं बारसें व्हावयाचें त्या दिवशीं, तिनें बांकावर बसल्या बसल्या, कोणाला त्रास होऊं नये इतक्या हळू, पाळणा म्हणावयास सुरुवात केली. पहारेकऱ्यानें येऊन सांगितलें, “आजी, येथें गाणें म्हणायचें नाहीं.” म्हातारी गप्प झाली. तिनें आम्हांकडे पाहून विचारलें, “मग त्या पोरीनं ऐकायचं काय?” आम्ही इंग्रजी शिकलेले, चार पुस्तकें पढविणारे; आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दाराच्या फटींतून यंत्रांच्या घंटा तेवढ्या ऐकूं येत होत्या.

पुढें एका जाणत्या परिचारिकेनें भाचीला आंत खुर्ची दिली, मुलगी तिच्या छातीवर ठेवली आणि सांगितलें, “हिच्याशीं बोला, गा.” भाची म्हणाली, “मला गातां येत नाहीं.” हें उत्तर आजच्या शिकलेल्या आईचें खास उत्तर आहे, आणि तें आम्हांस फार लागलें. तिच्या आजेसासूला कोणीं गाणें शिकविलें नव्हतें, आणि तरी आपल्याला गातां येत नाहीं असें तिच्या मनांतहि कधीं आलें नाहीं. आपण शाळा काढल्या, परीक्षा नेमल्या, घरोघर यंत्रांतून उत्तम गवयी आणले. हें सारें चांगलेंच झालें. पण त्यांत मांडीवरचें गाणें ‘गाणें’ या नांवाला पात्र राहिलें नाहीं आणि बायका त्याला लाजूं लागल्या. त्या रात्रीं आजीनें नातसुनेला पाळण्याची चाल शिकविली; दुसऱ्या दिवशीं भाचीनें ती जेमतेम ओठांतल्या ओठांत म्हटली. मुलगी सात आठवड्यांनीं घरीं आली. ती गाण्यानें वांचली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती उबेनें, दुधानें, औषधानें आणि त्या डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या रात्रंदिवसाच्या कष्टांनीं वांचली. परंतु त्या सात आठवड्यांत जी आई काचेबाहेर हात जोडून उभी राहणारी होती ती आंत बसून आपल्या मुलीसाठीं कांहीं तरी करणारी झाली, आणि हें करण्याला तिला गाण्याखेरीज दुसरें साधन नव्हतें. दूध तेव्हां अद्याप नळीनें जात होतें.

आमच्या मतें या सर्व इतिहासाचा निष्कर्ष तो हाच. गाण्याचा खरा उपयोग मुलाच्या शरीरांत किती मोजतां येईल हें संशोधकांनीं अवश्य मोजावें. पण इस्पितळांत गाण्याला जागा द्यावयाची ती मुख्यतः यासाठीं कीं त्याबरोबर गाणाऱ्या माणसाला जागा द्यावी लागते. म्हणूनच कक्षाच्या कोपऱ्यांत यंत्र ठेवून दिवसभर एखादा राग वाजत ठेवणें हा संगीतोपचार नव्हे. तो गोंगाटांत घातलेला आणखी एक आवाज होय. अमुक राग अमुक रोगावर असें कोष्टक भिंतीवर टांगणें हाहि नव्हे. मुलाचा श्वास पाहत, तें कपाळाला आंठी घालतांच थांबत, कुजबुजीहून थोड्या मोठ्या आवाजांत एका माणसानें एका मुलासाठीं गाणें, एवढीच ती गोष्ट आहे. आणि तें माणूस शक्य तर घरचें असावें. सरकारनें २०१७ सालीं नवजात मुलांच्या शुश्रूषेंत कुटुंबाला सहभागी करून घेण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं आहेत. आईबापांना हात धुणें, मूल हाताळणें, छातीशीं धरणें हें शिकवून त्यांना आंत घ्यावें असें त्यांत सांगितलें आहे. हात धुवून, स्वच्छ झगा घालून आंत आलेल्या आईला, बापाला, एखाद्या दिवशीं आजीलाहि, कोणीं “येथें गाणें म्हणायचें नाहीं” असें म्हणूं नये, एवढी भर आम्ही त्यांत सुचवितों. जंतूंची भीति बाळगावी. आवाजाची मर्यादाहि पाळावी. पण आईचा आवाज आणि घंटेचा आवाज एकाच यादींत लिहूं नये.

सातारा, कराड, सांगली, मिरज या सर्व ठिकाणीं आज अशा मुलांना ठेवण्याचे कक्ष आहेत. बापजाद्यांच्या वेळीं जीं मुलें कापसांतच मावळलीं असतीं त्यांच्यापैकीं पुष्कळ आज शाळेंत जातात, हें वैद्यकाचें ऋण आपण कधीं फेडूं शकणार नाहीं. पण त्याच प्रदेशांत, जात्याबरोबर ओंवी गेली तशी पाळण्याबरोबर पाळण्याचीं गाणींहि जात आहेत, आणि जिच्या तोंडीं तीं अजून आहेत ती म्हातारी बहुधा दाराबाहेरच्या बांकावर बसलेली असते. तिच्याजवळून एखादी चाल तरी वेळीं शिकून घ्यावी. भडभड्यांसारख्या डॉक्टरानें दृष्टि गेलेल्या मुलाला गवयाच्या दारापर्यंत पोंचविलें. आजच्या डॉक्टरांना गवयी शोधावयाचा नाहीं. त्यांनीं आपल्याच कक्षाचें दार थोडें उघडावें, म्हणजे बाहेर बसलेलें गाणें आंत येईल.